तहानेआधीची विहीर



वसंत ऋतूतल्या व्याख्यात्याला एक मोठा प्रतिस्पर्धी असतो, तो म्हणजे आंबा. घरात आढी लागलेली असताना तिचा वास मागे टाकून आपण जीवशास्त्रावरचे भाषण ऐकायला आलात, हा आपला मोठेपणा आहे. तेव्हा या प्रतिस्पर्ध्याशी वैर न धरता त्याच्याच आधाराने बोलण्यास आरंभ करावा, असे मी ठरविले आहे.

आजचा विषय आहे एकाच जीवजातीतील आनुवंशिक वैविध्य, त्याची कारणे आणि त्याचे महत्त्व. येथे 'जाती' म्हणजे आपल्या समाजातली जात नव्हे, हे प्रथमच सांगितलेले बरे. आंबा ही एक जाती, सिंह ही एक जाती आणि माणूस, म्हणजे सगळा माणूस, ही एकच जाती.

आता आढीतला हापूस पाहा. रत्नागिरीचा घ्या की देवगडचा घ्या. माती आणि हवा यांमुळे थोडाफार फरक पडेल, पण हापूस तो हापूसच. कारण हापूस कोयीपासून करीत नाहीत, कलमापासून करतात. कलम म्हणजे नवे झाड नव्हे. जुन्याच झाडाची फांदी दुसऱ्याच्या मुळांवर उभी केलेली असते. कोकणातल्या हजारो बागा म्हणजे एका अर्थी एकच पसरलेले झाड आहे. याउलट रायवळ आंबा. तो कोयीतून येतो. कोयीला आई असते, तसा मोहरावरच्या माश्यांनी आणलेल्या परागाच्या रूपाने बापही असतो. म्हणून रायवळीची शंभर झाडे असली तर त्यांच्या शंभर तऱ्हा. एक आंबट, एक गोडमिट्ट, एक नुसते धागे, एकाला मोहर लवकर, एकाला पाऊस तोंडावर आल्यावर. खुद्द हापूसची कोय पेरली तरी तिच्यातून हापूस उगवत नाही.

या दोहोंत श्रीमंत कोण? बाजार सांगेल, हापूस. आणि आजच्या भावाने पाहिले तर बाजाराचे म्हणणे खोटे नाही. परंतु हापूसचे एक दुखणे आपणांस ठाऊक आहे. वरून निर्दोष दिसणारे फळ कापावे, तर आत पांढुरका, फोपसा, आंबूस भाग निघतो. कोकणात त्याला साका म्हणतात. हे दुखणे एका हापूसला आहे, म्हणून ते सर्व हापूसांना आहे. हापूसमध्ये कितीही शोधले तरी त्याला उपाय सापडण्यासारखा नव्हता. तो दुसरीकडे सापडला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करण्यात आला आणि १९८१ साली 'रत्ना' हा साका नसलेला आंबा प्रसृत झाला. ज्या नीलमला हापूसच्या पंक्तीला कोणी बसवीत नाही, त्याच्याजवळ हापूसला नसलेली वस्तू होती. माझे आजचे सारे भाषण या एका गोष्टीचा विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे वैविध्य मुळात येते कोठून? १८५९ साली डार्विनने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याने सांगितले की एकाच जातीतील व्यक्तींमध्ये लहानमोठे फरक असतात आणि निसर्ग त्यांतून निवड करतो. पण हे फरक उत्पन्न कसे होतात, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. त्या काळी अशी समजूत होती की आईबापांचे गुण मुलांत दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. तसे असते तर मोठी आपत्ती होती. मिसळण्याने प्रत्येक पिढीत फरक निम्मा होत गेला असता आणि थोड्याच पिढ्यांत सगळे एकसारखे झाले असते. मग निसर्गाने निवडावे तरी कशातून?

या कोड्याचे उत्तर ब्रुन शहरातल्या मठात वाटाण्याची झाडे लावणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने दिले. १८६५ साली त्याने ते सभेत वाचून दाखविले, पुढल्या वर्षी छापले, आणि १९०० सालापर्यंत जगाने त्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. मेंडेल म्हणतो, गुण हे दुधापाण्यासारखे मिसळत नाहीत. हरभरे आणि वाटाणे एका मुठीत घ्यावे तसे ते शेजारी राहतात. या पिढीत एखादा दाणा झाकला गेला, तरी पुढच्या पिढीत तो जसाच्या तसा वर येतो. नातवाच्या चेहऱ्यावर आजोबांचे नाक दिसते ते यामुळेच. या दाण्यांना आपण आता जनुके म्हणतो.

वैविध्याचे पहिले कारण या जनुकांच्या नकलेत आहे. आपल्याकडे पोथ्या हाताने उतरून घेत. लेखनिक कितीही दक्ष असला तरी शेकडो पानांत कोठे काना सुटे, कोठे शब्द बदले. त्या पोथीवरून पुढे जेवढ्या पोथ्या उतरल्या, त्या सर्वांत तो बदल जाई. यांनाच आपण पाठभेद म्हणतो. जीवाची पोथी केवळ चार अक्षरांत लिहिलेली आहे, आणि माणसाच्या पोथीत अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. पेशी ही विलक्षण दक्ष लेखनिक असते. तरीही प्रत्येक नवजात बालकात साठ-सत्तर अक्षरे अशी असतात की जी त्याच्या आईकडेही नव्हती आणि बापाकडेही नव्हती. या पाठभेदांना उत्परिवर्तन असे नाव आहे. त्यांतले बहुतेक ना लाभाचे ना हानीचे, काही घातक, आणि फार थोडे उपयोगी. पण जगात जे जे नवे म्हणून आले, ते शेवटी याच वाटेने आले.

दुसरे कारण म्हणजे पत्ते पिसणे. आपली पोथी तेवीस जोड्यांच्या अध्यायांत विभागलेली आहे. जोडीतला एक अध्याय आईचा, एक बापाचा. आपण स्वतः आई किंवा बाप होतो, तेव्हा प्रत्येक जोडीतला एकच अध्याय मुलाला देतो. कोणता, हे नाणे उडवल्यासारखे ठरते. तेवीस वेळा नाणे उडविले तर ८३,८८,६०८ निरनिराळे निकाल येऊ शकतात. एवढे आईकडून आणि एवढेच बापाकडून. म्हणजे एका जोडप्याला सत्तर लाख कोटी तऱ्हांची मुले होणे शक्य आहे. शिवाय देण्यापूर्वी जोडीतले अध्याय आपापसांत पानांची अदलाबदल करतात, ते वेगळेच. तेव्हा 'सख्खी भावंडे असून एकमेकांसारखी कशी नाहीत?' हा प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. दोन भावंडे अगदी सारखी निघाली, तर मात्र ती जुळी आहेत काय, हे विचारावे. तिसरे कारण म्हणजे देवाणघेवाण. वाऱ्याने पराग येतो, नदीबरोबर बी वाहत येते, माणसे आणि जनावरे स्थलांतर करतात, आणि एका ठिकाणचा पाठभेद दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूही आहे. निवड काही पाठ पुसून टाकते. आणि संख्या घटली की नुसत्या योगायोगानेही पुष्कळसे नाहीसे होते. शंभर रंगांचे मणी भरलेल्या पोत्यातून मूठभर मणी काढा आणि पोते फेकून द्या. जे रंग मुठीत आले नाहीत ते गेले. मग त्या मुठीचे पुन्हा पोते झाले, तरी रंग मुठीतलेच. गीरच्या सिंहांचे असे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते काही डझनांवर आले होते. जुनागढच्या नवाबांनी त्यांना राखले, पुढे सरकारने राखले, आणि २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली. ही संरक्षणाची मोठीच कामगिरी होय. पण ८९१ सिंहांचे मणी त्या एका मुठीतलेच आहेत. २०१८ साली गीरमध्ये कुत्र्यांच्या एका विषाणुरोगाची लागण झाली आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. सगळे एका जागी आणि सगळे एका घडणीचे, ही स्थिती धोक्याची आहे. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनो येथे हलवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच सांगितले होते. ते अमलात न येता २०२२ साली तेथे आफ्रिकेचे चित्ते आले. आणि गंमत अशी की चित्ता हाच या दुखण्याचा सर्वांत प्रसिद्ध रोगी आहे. नातेसंबंध नसलेल्या चित्त्यांनी एकमेकांच्या कातडीचे तुकडे परके म्हणून झटकन नाकारले नाहीत, इतके ते सारखे आहेत, असे १९८५ साली दिसून आले.

येथे कोणी शंका काढील: एवढी काळजी कशाला? संकट आले की जीव आपोआप बदलेल. गरज ही शोधाची जननी आहे, असे आपण म्हणतोच ना? माणसाच्या शोधांबद्दल ते खरे असेल. जनुकांबद्दल ते खरे आहे काय, याची परीक्षा १९४३ साली अमेरिकेत साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक या दोघांनी घेतली. ती इतकी सुंदर आहे की थोडक्यात सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जीवाणूंनाही विषाणूंची बाधा होते आणि ते मरतात. पण कोट्यवधींत काही वाचतात. प्रश्न असा की, हे वाचणारे संकट पाहून बदलले, की संकटाआधीच वेगळे होते? लुरियाने अनेक निरनिराळ्या नळ्यांत थोडे थोडे जीवाणू वाढू दिले आणि नंतर प्रत्येक नळीतले जीवाणू विषाणूंच्या तोंडी दिले. गरज पडल्यावरच बदल होत असता, तर सगळ्या नळ्यांतून साधारण सारखेच जीवाणू वाचले असते. कारण संकट सर्वांवर एकाच वेळी आणि सारखेच होते. घडले ते निराळेच. पुष्कळ नळ्यांत एकही वाचला नाही किंवा अगदी थोडे वाचले, आणि एखाद्या नळीत मात्र शेकडो वाचले. याचा अर्थ उघड आहे. त्या भाग्यवान नळीत फार आधी, शत्रूची चाहूलही नसताना, एका जीवाणूत पाठभेद झाला होता, आणि शत्रू येईपर्यंत त्याचा वंश वाढला होता. संकटाने त्याला घडविले नाही. संकटाने त्याला फक्त उजेडात आणले.

श्रोतेहो, तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण हसतो. निसर्गाचा नियम त्याहूनही कडक आहे. तहान लागल्यावर तेथे विहीर खणताच येत नाही. जी आधी खणलेली असेल, तिचेच पाणी प्यावयाचे. नसेल तर मरावयाचे. निवड ही वैविध्यातून होते. ऐनवेळी नेमके हवे ते वैविध्य निवडीला निर्माण करता येत नाही. वैविध्याचे महत्त्व काय, याचे सगळे उत्तर यात आले.

विहीर नसली म्हणजे काय होते, हे आयर्लंडने पाहिले. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तेथे त्याचे हजारो वाण आहेत: काळे, जांभळे, लाल, वाकडेतिकडे, थंडीला टिकणारे. युरोपात आले ते त्यांतले मूठभर. पुन्हा आमची पोत्याची गोष्ट. आयर्लंडच्या गरीब कुळांनी त्यांतलाही मुख्यतः एकच धरला, 'लंपर' नावाचा. कारण तो निकृष्ट जमिनीत भरपूर पिके. बटाटा डोळ्यापासून लावतात, म्हणजे तेही एक प्रकारचे कलमच. साऱ्या बेटावर जणू एकच झाड उभे होते. १८४५ साली करपा आला. १८४६ साली पिकाचा बहुतांश भाग जमिनीतच कुजला. जो रोग एका रोपाला मारू शकला, तो सर्वांना मारू शकला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापांनी मेली, आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८२ लाखांच्या जवळपास असलेली लोकसंख्या १८५१ साली साडेपासष्ट लाखांवर आली. सगळा दोष बटाट्याचा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात होते. जमीन परक्या जमीनदारांची होती. परंतु अन्यायाने गांजलेल्या लोकांचा शेवटचा आधार एकाच वाणावर उभा होता, आणि तो एका घावात पडला. पुढे करप्याला तोंड देणारे गुण शास्त्रज्ञांना सापडले, ते मेक्सिकोतल्या एका रानटी बटाट्यात.

हे सारे दूरचे आणि जुने वाटू नये, म्हणून केळीकडे पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' नावाच्या केळ्याचे राज्य होते. पनामा मर नावाच्या बुरशीरोगाने १९६० च्या सुमारास ते राज्य बुडाले. त्याच्या जागी 'कॅव्हेंडिश' गटातली केळी आली, कारण तिला तो रोग होत नव्हता. जळगावच्या शेतांतून आज सर्वत्र दिसणारे 'ग्रँड नैन' याच गटातले. तेही बियांपासून नव्हे, कंदांपासून वा प्रयोगशाळेत वाढविलेल्या एकसारख्या रोपांपासून केलेले. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार निघाला आहे, आणि तो कॅव्हेंडिशलाही सोडीत नाही. आपल्या देशात बिहारमध्ये आणि उत्तर प्रदेशात तो आढळलेला आहे. मी कोणाला घाबरवीत नाही. पण केळीच्या बागेत उभे राहिले की लंपर बटाट्याची आठवण व्हावी, एवढे खरे.

विहीर असली म्हणजे काय होते, याची गोष्ट अधिक आनंदाची आहे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली 'आयआर-८' हा भात दिला. त्याने आणि त्याच्या भाईबंदांनी आशियातल्या कोट्यवधी माणसांच्या ताटात भात वाढला. हे उपकार विसरणे कृतघ्नपणा होईल. परंतु एकसारखी शेते पसरली, तशी त्यांवरची संकटेही पसरली. तपकिरी तुडतुडे एक विषाणू घेऊन आले. त्याची लागण झालेले भाताचे रोप खुजे राही, गवतासारखे फुटवे काढी आणि दाणा धरीत नसे. संस्थेने आपल्या संग्रहातले सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. लागवडीच्या भाताच्या एकाही वाणात पुरेशी प्रतिकारशक्ती निघाली नाही. ती निघाली एका जंगली भाताच्या नमुन्यात, आणि तो नमुना कोठला होता? आपल्या उत्तर प्रदेशातला. दाणे गळून पडणारे, शेतकरी तण म्हणून उपटील असे ते गवत; त्याच्याही नमुन्यातल्या थोड्याच रोपांत तो गुण होता. संकराने तो लागवडीच्या भातात आणला गेला. १९७६ साली निघालेला 'आयआर-३६' हा भात त्या गवताचा वंशज होय, आणि पुढे एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर तो पिकत होता. ती थोडी रोपे कोणी नमुना म्हणून उचलून ठेवण्यापूर्वीच नांगरली गेली असती, तर काय झाले असते, याचा विचार आपणच करावा.

नमुने उचलून ठेवणे हे काम निरुपयोगी संग्राहकाचे वाटते. पण त्या कामासाठी माणसांनी प्राण दिले आहेत. रशियाचा निकोलाय वाविलोव्ह हा या विद्येचा भीष्माचार्य. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभर हिंडून लेनिनग्राडला बियांचा प्रचंड संग्रह केला. पिकाचे जेथे अधिकात अधिक वैविध्य, तेथेच बहुधा त्याचे मूळ घर, असा विचार त्याने मांडला. त्याच काळी लिसेन्को नावाच्या गृहस्थाने असे सांगावयास आरंभ केला की, जनुके वगैरे थोतांड आहे; बियाणाला योग्य ती सवय लावली की हवे ते गुण त्यात येतात आणि पुढच्या पिढीत उतरतात. म्हणजे तहान लागताच विहीर खणण्याचा तो दावा होता. राज्यकर्त्यांना तो आवडला, कारण त्यात वाट पाहावी लागत नव्हती. १९४० साली वाविलोव्हला अटक झाली. १९४३ च्या जानेवारीत, ज्याने देशाची भूक मिटविण्यासाठी आयुष्य वेचले, तो सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. इकडे १९४१ पासून १९४४ पर्यंत लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. शहरात लाखो लोक भुकेने मरत होते. वाविलोव्हच्या संस्थेत तांदूळ होता, गहू होता, शेंगदाणे होते, बटाटे होते. ते राखणारे कित्येक शास्त्रज्ञ त्या बियांच्या शेजारी उपाशी मेले. भाताच्या संग्रहाचा रक्षक तांदळाच्या पिशव्यांमध्ये बसून मेला. त्यांनी ते बी खाल्ले नाही. आपल्या शेतकऱ्याच्या घरात दुष्काळातही बियाणाच्या कणगीला हात लावीत नसत, ती वृत्ती येथे आपल्या पराकाष्ठेला पोहोचलेली दिसते.

आता माणसाकडे येऊ. माणसाच्या पोथीतला एक पाठभेद विदर्भात, नंदुरबारकडे आणि गडचिरोलीच्या जंगलात फार भेटतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या वर्णनात एक अक्षर बदलते, एवढेच. आईबाप दोघांकडून तो पाठ आला तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात; सांधे ठणकतात, रक्त कमी पडते, आयुष्य तोकडे होते. हाच सिकलसेल रोग. असा घातक पाठ निसर्गाने पुसून का टाकला नाही? पुढे आयुष्याची अखेरची वर्षे भारतात काढणारे आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलेले हाल्डेन यांनी १९४९ साली रक्ताच्या अशाच एका रोगासंबंधी तर्क केला की, त्याच्या मागे हिवताप असावा. सिकलसेलच्या बाबतीत १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या पाहणीवरून ते दाखवून दिले. हा पाठ दोघांपैकी एकाकडूनच आला, तर माणूस सहसा निरोगी असतो आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याचा पुष्कळसा बचाव होतो. जेथे हिवतापाचे थैमान, तेथे म्हणून हा पाठ टिकला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली व्यवहाराची. ज्या भागात हा पाठ आहे, तेथे लग्नापूर्वी पत्रिकेबरोबर, किंबहुना पत्रिकेआधी, दोघांचे रक्त तपासून घ्यावे. लग्नाची वर्तुळे जितकी लहान, तितका असे दोन सारखे पाठ एका मुलात येण्याचा संभव अधिक. ही गोष्ट केवळ सिकलसेलपुरती नाही. दुसरी गोष्ट विचाराची. कोणता पाठ चांगला आणि कोणता वाईट, हे पोथी पाहून सांगता येत नाही; देशकाल पाहावा लागतो. म्हणून 'उत्तम तेवढे ठेवू आणि बाकीचे नाहीसे करू' असे जे म्हणतात, मग ते बियाणाबद्दल म्हणोत की माणसांबद्दल, ते आज ज्ञात असलेल्या तहानेवरून उद्याच्या विहिरी बुजवीत असतात. माणसांबद्दल तर आणखी एक गोष्ट सिद्ध आहे. कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांच्या पोथ्यांत हजारात एखादेच अक्षर वेगळे असते. आणि १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब केला, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत सापडले. आपल्याच आळीतल्या दोघांत जेवढे अंतर आहे, त्यात दूर देशीच्या माणसामुळे थोडीच भर पडते. वैविध्य हे उच्चनीचतेचे प्रमाणपत्र नव्हे. ते सर्वांच्या सामाईक मालकीचे भांडवल आहे.

शेवटी, आपण काय करावे? सर्व शेतकऱ्यांनी सुधारित बियाणे टाकून आजोबांचे वाण पेरावेत, असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला आज पोट आहे आणि कर्जही आहे. उद्याच्या जगाच्या विहिरी त्याने एकट्याने का खणाव्यात? ते काम समाजाने आणि शासनाने खर्च करून केले पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय संस्थेत चार लाखांहून अधिक नमुने राखले आहेत. नॉर्वेच्या उत्तरेस स्वालबार्डच्या बर्फात २००८ पासून जगाचे बी साठविले जात आहे. सिरियातल्या यादवीमुळे अलेप्पोजवळचा संग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा २०१५ साली त्याच्याच ठेवीतले बी स्वालबार्डहून परत काढावे लागले. पेढीचा उपयोग हा असा असतो. पण पेढीत ठेवलेले बी झोपलेले असते. नव्या रोगाशी, नव्या पावसाशी त्याची गाठ पडत नाही. ते काही प्रमाणात शेतातही नांदले पाहिजे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भाताचे, वालाचे, भाजीपाल्याचे गावठी वाण घरात आणि शिवारात राखले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतातले बी राखावे, पेरावे, देवघेव करावी, हा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. तो कागदावर राहू नये.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे नाव घेतल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. शिक्षण थोडे, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ साली आपल्या 'पटेल-३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. आपल्यापैकी कोणी असते तर 'भेसळ' म्हणून उपटले असते. त्यांनी ते दाणे वेगळे काढले, पुढल्या वर्षी वेगळे पेरले, पुन्हा निवडले. त्या निवडीतून बारीक, चवदार असे जे धान तयार झाले, ते एका लोकप्रिय घड्याळाच्या नावाने 'एचएमटी' म्हणून विदर्भात आणि विदर्भाबाहेर पसरले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या धानाने इतरांना जे मिळवून दिले, त्या मानाने त्यांच्या पदरी फारच थोडे पडले, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे.

डार्विनने ग्रंथ लिहिला, लुरियाने नळ्या भरल्या, वाविलोव्हने जग पालथे घातले. त्या सर्वांनी जे सांगितले, ते दादाजींनी चिखलात उभे राहून ओळखले. निराळे दिसते ते उपटण्यापूर्वी थांबावे आणि नीट पाहावे. उन्हाळा आहे, गावोगावच्या विहिरींनी तळ गाठला आहे, आणि ज्यांनी त्या आपल्यासाठी खणल्या त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. आपल्यामागून येणाऱ्यांना कोणती तहान लागेल, हे आपण सांगू शकत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी जेवढ्या विहिरी राखता येतील तेवढ्या राखणे, एवढेच आपल्या हाती आहे.

 घरी गेल्यावर आढीतला हापूस अवश्य खावा. पण बाजारात रायवळीची टोपली दिसली तर तिच्यासमोरूनही तसेच निघून जाऊ नये.